टकटक करणारी डिस्क आणि अण्णांचा कुलवृत्तांत

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही. थोडक्यात प्रकरण असं. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, वय ७६, पोस्टातून रिटायर झाल्यापासून घराण्याचा कुलवृत्तांत गोळा करतायत. बारा वर्षं झाली. राजापूरजवळचं मूळ गाव, तिथून फुटलेल्या शाखा, कोण बडोद्याला गेलं, कोण हुबळीला, कोण थेट न्यू जर्सीला, सगळ्यांचे फॉर्म, फोटो, वंशावळी, आणि हे सगळंच्या सगळं एका १ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर. डिसेंबरात कुलसंमेलन आहे, तिथे पुस्तक निघायचंय. गेल्या रविवारी डिस्क चालू असताना ताईंच्या सहा वर्षांच्या मुलाचा पाय वायरीत अडकला आणि डिस्क टीपॉयवरून थेट फरशीवर. आता लावली की दोन-तीन मिनिटांनी दिसते, फोल्डरची नावं येतात, कॉपी करायला घेतलं की तीन टक्क्यांवर अडकते, मधूनच टक टक आवाज येतो, आणि एकदा 'फॉरमॅट करायची का' असंही विचारून झालंय. मिस्टरांचे मित्र म्हणतायत विंडोजमधलं डिस्क तपासायचं चेकडिस्क मारा, यूट्यूबवर कोणी सांगतंय फ्रीजरमध्ये ठेवा, स्टेशनजवळचा दुकानदार अडीच हजारात हंड्रेड पर्सेंट काढून देतो म्हणतो, बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणाऱ्या एका लॅबने फोनवर अठरा ते पंचवीस हजार सांगितले. अण्णांना अजून काहीच सांगितलेलं नाही, त्यांना बीपी आहे, 'आधी निघतंय का बघू आणि मग सांगू' असं नवराबायकोनी ठरवलंय. शेवटी विचारलंय, काय करू, आणि मुलाला ओरडू का.

ताई, हे वाचताना डिस्क लावलेली असेल तर आधी काढा. खरंच काढा, मी थांबतो.

काढली? आता ती एखाद्या मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि वर कागद चिकटवा, 'लावू नये'. हसू नका, माझं अठरा वर्षं पुण्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं आणि पडल्यामुळे जेवढ्या डिस्क गेल्या त्याहून जास्त मी 'लावून बघू तर' मुळे गेलेल्या बघितल्यात. घरात एक जण असतोच, कधी दीर, कधी भाचा, कधी स्वतः आपण रात्री साडेअकराला, की ज्याला वाटतं आता एकदा लावली तर चालेल. आणि गंमत म्हणजे कधीकधी चालतेही, पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत ती स्वतःचं जे नुकसान करून घेते ते पडताना झालेलं नसतं.

का ते सांगतो, कारण हे डोळ्यासमोर आलं की बाकीचे सल्ले आपोआप गळून पडतात. डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत चकत्या असतात, तुमच्या साइझच्या डिस्कमध्ये साधारण अडीच इंची, आणि त्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात. सेकंदाला ९० फेरे. गणित करून बघा, चकतीच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे मोकळ्या रस्त्याला लागलेली एसटी. त्या पळत्या चकतीच्या वर हेड नावाचा एक इवलासा तुकडा हवेच्या पातळ थरावर तरंगत असतो, टेकत नाही, आणि मधलं अंतर किती तर काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आता ही सगळी कसरत चालू असताना डिस्क दोन फुटांवरून फरशीवर आली. बंद असलेली डिस्क जेवढा धक्का सोसते त्याच्या निम्म्याहूनही कमी धक्का चालू डिस्क सोसते, कारण बंद असताना हेड बाजूला आपल्या जागेवर जाऊन बसलेलं असतं आणि चालू असताना ते चकतीच्या बरोबर वर असतं.

तो जो टक आवाज आहे ना, ते हेड आहे. ते चकतीवर जातं, तिथे आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी कंपनीने कोरून ठेवलेल्या खुणा असतात त्या शोधतं, नीट वाचता येत नाहीत म्हणून मागे येतं, पुन्हा जातं. हेड थोडं वाकलं असेल, नुसतं अशक्त झालं असेल, किंवा चकतीला चाटत असेल, तिन्ही शक्य आहे आणि बाहेरून मला किंवा कोणालाच सांगता येणार नाही. पण चाटत असेल तर प्रत्येक फेऱ्याला चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला जातोय, आणि जे खरवडून निघालं ते भुकटी झालं, ते जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. सेकंदाला ९० फेरे म्हटलं ना. आता पाच मिनिटांचे किती होतात ते तुम्हीच मोजा.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. २००३ साली कोलंबिया यान परतीच्या वाटेवर आकाशात फुटलं, आपल्या कल्पना चावला होत्या त्यात. टेक्सासमध्ये पडलेल्या अवशेषांत काही महिन्यांनी एक हार्ड डिस्क सापडली, जळालेली, ओळखू न येणारी. त्यातला जवळपास ९९ टक्के डेटा क्रोल ऑनट्रॅक नावाच्या कंपनीने काढला आणि त्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये छापूनही आले. यान फुटलं तेव्हा ती डिस्क फिरत नव्हती, त्यामुळे चकत्यांना इजा झाली नाही. तुमची टीपॉयवरून पडली पण फिरत होती. तेव्हा किती उंचावरून पडली याचा त्रास करून घेऊ नका, पडली तेव्हा आणि त्यानंतर ती किती फिरली यावर सगळं आहे.

आता मिस्टरांच्या मित्राच्या चेकडिस्कबद्दल. मित्र चांगल्या मनाने सांगतोय यात शंका नाही, मीही एके काळी हेच सांगायचो. २००९ मध्ये माझ्या मामेभावाची डिस्क अशीच अडकत होती, मी मोठ्या रुबाबात चेकडिस्क लावलं, सगळे ऑप्शन देऊन, आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर फोल्डर गायब आणि त्या जागी 'फाउंड' आणि पुढे तीन शून्य अशा नावाचं एक फोल्डर, आत शेकडो तुकडे, फाइल शून्य शून्य शून्य एक, दोन, तीन… कुठला फोटो कुठला, काही पत्ता नाही. भावाची मुंज, बारसं, सगळं त्या तुकड्यांत कुठेतरी. चूक पूर्ण माझी होती. चेकडिस्कचं काम डिस्कचा हिशोब जुळवणं आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही, हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. हिशोबात न बसणारी नोंद दिसली की ते ती खोडतं किंवा तोडतं, वही स्वच्छ दिसते, आणि हे सगळं ते त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहून करतं. वर खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे नीट वाचता न येणारे बारीक कप्पे, शोधायला सांगितलं असेल तर अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतं, म्हणजे लंगडत्या माणसाला आधी कळसूबाई चढवायचा आणि मग विचारायचं पाय कसा आहे. फॉरमॅटच्या प्रश्नालाही उत्तर एकच, कॅन्सल.

फ्रीजर, बाप रे. हा प्रकार फार जुना आहे, पूर्वीच्या काही डिस्कमध्ये अडकलेला भाग थंडीने आकसून सुटायचा, कोणाचं तरी कधीतरी चाललं आणि ती दंतकथा झाली. आजच्या डिस्कला फ्रीजरमधून काढून डोंबिवलीच्या दमट हवेत आणलं की पाण्याच्या बाटलीला बाहेरून जसं पाणी सुटतं तसं तिच्या आतबाहेर सुटू शकतं, आणि मघाशी सांगितलेलं ते नॅनोमीटरचं अंतर आठवा. स्क्रू काढून आत बघायचाही मोह नको, बैठकीच्या खोलीतला साधा धुळीचा कण त्या अंतरापुढे धोंडा आहे. आणि कोणी म्हणालं की खालचं सर्किट बदलून टाकू, सेम मॉडेलचं मिळतंय लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत, तर तेही नको. त्या सर्किटवरच्या एका चिपमध्ये त्याच एका डिस्कच्या हेडची मापं साठवलेली असतात, ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या सर्किटवर नेल्याशिवाय नुसतं सर्किट बदलून आता काही होत नाही. शिवाय तुमचा तर आजार सर्किटचा वाटतही नाही.

हे झालं काय करू नका. आता काय करा, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

आज संध्याकाळी अण्णांना सांगा.

बीपीचं मला कळतंय, आणि घरात सांगायचं कोणी, कधी, चहाच्या आधी का नंतर हे तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण मी हे नीतीने वागा म्हणून सांगत नाहीये, कामाचं आहे म्हणून सांगतोय. बघा, डिस्क १ टीबीची. तिच्यावर मुलाचे व्हिडिओ असतील, सिनेमे असतील, मिस्टरांच्या ऑफिसचं काहीतरी असेल. कुलवृत्तांत किती असेल? मजकूर आणि फोटो धरून पाच-दहा जीबी फार झाले. डिस्कच्या शंभर भागांतला फार तर एक भाग. तो नेमका कुठल्या फोल्डरमध्ये आहे, 'फायनल' मध्ये का 'फायनल नवीन' मध्ये का 'फायनल दुरुस्त ३' मध्ये, कशात टाइप केलाय, प्रेसला द्यायची प्रत कुठली, डिस्कला पासवर्ड घातला होता का, हे पृथ्वीवर एकाच माणसाला माहिती आहे. लॅबवाला तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार की सगळ्यात आधी काय हवंय, कारण अशा डिस्कला किती वेळ मिळेल ते सांगता येत नाही, जे हवं ते आधी काढायचं असतं. तेव्हा तुम्ही काय सांगणार, सासऱ्यांना न विचारता?

आणि त्याहून मोठी गोष्ट. बारा वर्षं काम केलेल्या माणसाचं काम एकाच जागी कधीच नसतं, त्याला स्वतःलाही वाटत असतं की आहे, पण नसतं. अण्णांच्या शेजारी वही घेऊन बसा आणि विचारा. प्रुफं कोणाला पाठवली होती? प्रेसवाल्याला मेल केली असेल तर ती त्यांच्या सेंटमध्ये आहे. बडोद्याच्या शाखेला त्यांची पानं तपासायला व्हॉट्सॲपवर पीडीएफ गेली असेल, ती पुढे कोणीतरी तीन ग्रुपवर टाकली असेल. लोकांनी फॉर्म भरून पाठवले ते कागद कुठे आहेत? पोस्टातला माणूस आहे, फाइल करून ठेवले असणार, मी पैज लावतो. कोणाला सीडी करून दिली होती का, २०१६-१७ पर्यंत लोक द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या डिस्कच्या आधी काम कशावर चालायचं? घरात जुना सीपीयू असेल, माळ्यावर, पेढ्यांच्या खोक्यांच्या आणि गणपतीच्या मखराच्या मागे. नवीन घेताना आपण जुन्यातून कॉपी करतो, जुन्यातलं पुसत कोणीच नाही. माझ्याकडे असे कितीतरी लोक यायचे, नवी डिस्क गेली म्हणून रडकुंडीला आलेले, आणि काम व्हायचं ते माळ्यावरच्या सीपीयूने. चार वर्षं मागची प्रत असेल, असू दे, बारातली आठ वर्षं तर हातात आली. ही यादी झाली की मगच कळेल की डिस्कमधून खरंच किती काढायचंय आणि त्यासाठी पंचवीस हजार घालायचे का. कदाचित घालावेच लागतील. पण आत्ता तुम्ही किंमत न बघता सौदा करताय.

(माळ्यावरचा सीपीयू सापडला तर तोही धाडकन चालू करू नका हं. आधी बॅटरी-बिटरी बघत न बसता त्यातली डिस्क काढून एखाद्या जाणकाराकडून दुसऱ्या मशीनला लावून कॉपी करून घ्या. वर्षानुवर्षं पडून असलेलं एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, चालू करताना काय करेल सांगता येत नाही, मी एकदा फटाका ऐकलाय.)

आता दुकान की लॅब. स्टेशनजवळच्या माणसाला मी ओळखत नाही, तो सज्जन असेलही, पण पडलेल्या आणि टकटक करणाऱ्या डिस्कबद्दल न बघता हंड्रेड पर्सेंट म्हणणारा माणूस एकतर अनुभवी नाही किंवा खरं बोलत नाही. तो काय करणार ते मला माहिती आहे, मीही धंद्याच्या पहिल्या वर्षी तेच करायचो, डिस्क मशीनला लावायची, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालू करायचं आणि रात्रभर ठेवून द्यायची. ते सॉफ्टवेअर चुकून डिलीट झालेल्या फायलींसाठी छान असतं, पण त्याला डिस्क आजारी आहे हे कळत नाही, ते खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत बसतं. सकाळी डिस्क दिसायचीच बंद झालेली असते आणि मग 'मॅडम, डिस्कच डेड होती'. अडीच हजारांपैकी पाचशे चेकिंग चार्ज.

लॅबला फोन केलात की माझ्या मते चार गोष्टी विचारा, आणि उत्तर कसं देतायत ते ऐका. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब छाप, दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घेऊन मग त्या छापावर काम करता की थेट ओरिजिनलवर? थेट म्हणाले तर नमस्कार करून फोन ठेवा. डिस्क उघडायची वेळ आली तर कुठे उघडता, त्यासाठी गाळलेल्या हवेचं क्लीन बेंच स्वतःकडे आहे की डिस्क दुसऱ्या शहरात पाठवता? पाठवत असतील तर तसं आधी सांगायला हवं. पैसे देण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवता का, आणि दोन-चार उघडून? आणि काहीच निघालं नाही तर किती द्यायचे? हेड बदलावं लागलं तर तशीच जुळी डिस्क शोधून तिचे हेड काढून यात बसवावे लागतात, त्यामुळे पाच आकडी रक्कम ऐकून फसवतायत असं समजू नका, ते कामच तसं आहे, घड्याळजीचं. फसवणूक वेगळीकडे असते, आधी तीन हजार सांगून डिस्क उघडून ठेवायची आणि मग अडवून आकडा वाढवायचा. म्हणून अंदाज लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

डिस्क नेताना तिच्या प्लॅस्टिकच्या डबीसकट आणि वायरीसकट न्या, डबी फोडून आतली नुसती डिस्क नेऊ नका. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट सर्किटवरच असतं आणि काहींमध्ये तेच सर्किट लिहिताना सगळा डेटा कुलूपबंद करतं, तुम्ही पासवर्ड घातलेला असो वा नसो. ते हरवलं की किल्लीच हरवली. कुरियरने पाठवण्यापेक्षा ट्रेनने हातात घेऊन जा, गर्दीची वेळ टाळून, बबलरॅपमध्ये. आणि सोबत अण्णांच्या हस्ताक्षरात एक कागद द्या, हवी ती फोल्डरं एक-दोन-तीन क्रमाने. अजून एक, त्या फॉर्मांमध्ये शेकडो लोकांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर आहेत, तेव्हा काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसली जाईल हेही विचारून घ्या, लोकांनी अण्णांवर विश्वासाने ते दिलेलं आहे.

आता जरा बाकीच्या वाचकांसाठी, कारण हे वाचून 'माझीपण डिस्क अडकते' असं म्हणणारे असतीलच. डिस्क पडलेली नाही, आवाज नेहमीसारखाच एकसुरी आहे, फक्त हळू झालीय, कॉपी मध्येच थांबते, तर घरी प्रयत्न करता येतो. आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा, खरंच, दहातली एखादी डिस्क वायरीनेच आजारी असते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंदवही वाचून दाखवतं. पिवळं कॉशन आलं तर तीन ओळी बघा, रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल. पहिलीचा अर्थ खराब जागा सोडून डिस्कने राखीव जागेत बिऱ्हाड हलवलंय, दुसरीचा अर्थ काही जागा वाचायला जड जातायत आणि त्यांचं काय करायचं अजून ठरत नाहीये, तिसरीचा अर्थ काही जागा वाचताच आल्या नाहीत. पेंडिंगचा आकडा आज आठ आणि उद्या दोनशे असेल तर वाट बघू नका. सीआरसी एररचाच, म्हणजे वायरीतून जाताना बिघडलेल्या डेटाचाच, आकडा फक्त वाढत असेल तर पुन्हा वायरीकडे बघा.

अशा डिस्कसाठी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या फुकट सिस्टिमवर, जीएनयू डीडीरेस्क्यू म्हणून एक प्रोग्रॅम आहे, फुकट, आणि माझ्या मते पैसे देऊन घेतलेल्या निम्म्या गोष्टींपेक्षा चांगला. त्याची अक्कल अशी की तो पहिल्या फेरीत सोपं सोपं सगळं उचलून घेतो, अडलं की पुढे उडी मारतो, आणि कुठे अडलं होतं ते एका नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, मग नंतरच्या फेऱ्यांत त्या अडलेल्या जागी परत जातो. परीक्षेत हुशार मूल करतं तसं, अवघड गणित सोडून पुढे, वेळ उरला तर परत. लाइट गेली, डिस्क गरम झाली, दोन दिवस थांबलात, तरी नकाशा आहे म्हणून तिथूनच सुरू. १ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे १९५ कोटींच्या वर सेक्टर असतात, त्यातले काही हजार नाही मिळाले तरी बहुतेक फायली शाबूत निघतात. चांगली डिस्क असेल तर तीनेक तासांत छाप निघते, आजारी असेल तर दोन-तीन दिवसही लागतात, फॅनखाली ठेवा आणि घाई करू नका. छाप घ्यायला जुन्यापेक्षा मोठी, रिकामी डिस्क लागेल.

कमांड मात्र इथे देत नाही, मुद्दाम. कारण त्यात कुठून आणि कुठे हे एका अक्षराने ठरतं, आणि ते उलटं टाइप झालं तर तुमची नवी कोरी रिकामी डिस्क जुन्या भरलेल्या डिस्कवर मन लावून कॉपी होते. मी होताना बघितलंय. ज्याला लिनक्स येतं असा भाचा-पुतण्या शेजारी बसवा आणि दोघांनी मिळून दोनदा वाचून मग एंटर मारा. त्याच वेळी टक आवाज सुरू झाला तर मध्येच बंद करा आणि वर ताईंना सांगितलंय ते करा.

ताई, परत तुमच्याकडे. समजा डेटा आला, सगळा किंवा बराचसा. लॅबने पेन ड्राइव्ह दिला, तुम्ही घरी लॅपटॉपला लावला, अण्णांची फाइल उघडली आणि स्क्रीनवर नुसता कचरा, इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस, टोप्या घातलेले युरोपी वर्ण. घाबरू नका आणि लॅबला फोन करून भांडू नका. बारा वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम आहे, प्रेससाठी आहे, म्हणजे शक्यता मोठी की ते श्रीलिपी किंवा आयएसएम किंवा शिवाजी अशा युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे मराठी सारखीच दिसेल अशा हल्लीच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालंय आणि कदाचित पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलंय. अडोबीने पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये काढली, आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी ती पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरली. त्या फॉन्टमध्ये 'क' हा खरं तर 'क' नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराला 'क' चा सदरा घातलेला असतो, फॉन्ट नसला की सदरा उतरतो आणि आतलं अक्षर दिसतं. फाइल ठणठणीत असते. माझ्याकडे एका देवस्थानच्या ट्रस्टचे सेक्रेटरी अशीच फाइल घेऊन आले होते, करप्ट झाली म्हणून डिलीट करायच्या बेतात होते, फॉन्ट टाकल्याबरोबर पन्नास वर्षांच्या देणगीदारांची यादी समोर. म्हणून माळ्यावरच्या त्या सीपीयूमधून डेटासोबत फॉन्टचं फोल्डरही कॉपी करून घ्या, आणि जमलं तर प्रेसवाल्याकडून सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. जोडाक्षरं आणि रफार इकडेतिकडे होतात, ते अण्णांना तपासायला द्या, त्यांना संमेलनापर्यंत काम मिळेल.

फायलींची नावं गेलेली असतील तर तेही होतं, डिस्कची अनुक्रमणिका खराब झाली की लॅब मजकुराच्या सुरुवातीच्या खुणांवरून फायली ओळखून काढते, मग नाव म्हणजे नुसता नंबर. दोन-तीन हजार नंबर असतील. तिथेही पुन्हा अण्णाच लागणार, फोटो बघून 'ही हुबळीची सुमन आत्या' हे तुम्हाला-मला सांगता येणार नाही.

आणि आलेला डेटा परत त्याच एका डिस्कवर ठेवू नका हे मी सांगायला हवं का? दोन डिस्क घ्या, एक घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, आणि नुसता मजकूर आणि वंशावळी गूगल ड्राइव्हवर, फुकटच्या १५ जीबीत आरामात मावतील.

मुलाला ओरडू का विचारलंत. पत्राच्या सुरावरून ओरडून झालंय असं वाटतंय. लोंबती वायर टीपॉयच्या कडेला सोडून, चालू डिस्क ठेवून उठून गेलेला माणूस सहा वर्षांचा नव्हता ना? मग झालं तर. अण्णांना सांगताना त्यालाही शेजारी बसवा, नाहीतर संध्याकाळी तोच सगळ्यांच्या आधी सांगून टाकेल.

लॅबने काय सांगितलं ते कळवा. आणि माळ्यावर काय सापडलं तेही.